कांदोळीचे आबे फारिया

पणजीस मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी, धातूचा एक काळसर पुतळा उभा आहे. पायघोळ झगा घातलेला एक उंच पुरुष दोन्ही हात पुढे पसरून उभा असून त्याच्या पुढ्यात एक स्त्री मागे कलंडली आहे. आमच्या शाळेची सहल पणजीस गेली की मुले या पुतळ्यापाशी हमखास थबकतात. हा माणूस घाडी होता काय, तो त्या बाईच्या अंगातील भूत काढतो आहे की तिला भुरळ घालतो आहे, असे प्रश्न त्यांजकडून येतात. एका धीट मुलाने तर एकदा असे विचारले की, खून करणाऱ्याचा पुतळा सरकारने का उभारला? त्या दिवशी उन्हात उभे राहून आम्ही जे दोन शब्द सांगितले, त्यांनी आमचेच समाधान झाले नाही. म्हणून हा लेख.

पुतळ्यातील तो पुरुष म्हणजे जुझे कुस्तोदिओ द फारिया. त्यांचा जन्म 1756 च्या मे महिन्यात बार्देशातील कांदोळी गावी, आजोळी झाला. वडील कायतान वितोरिनो हे कोलवाळचे. मूळचे हे घराणे सारस्वत ब्राह्मणांचे असून सोळाव्या शतकात ते ख्रिस्ती झाले होते. कायतान पाद्री होण्याच्या वाटेवर होते. ती वाट सोडून त्यांनी रोझा मारिया द सौझा हिच्याशी लग्न केले. पण संसार टिकला नाही. मुलगा लहान असतानाच पतिपत्नी विभक्त झाली. आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात संन्यासिनी होऊन राहिली, आणि वडिलांनी पुन्हा पाद्रीपणाची वाट धरून ती पुरी केली. आई जिवंत असून तिला दुरावलेल्या त्या मुलाचे बालपण कसे गेले असेल याची कल्पना आमच्या बालवाचकांनी स्वतःच करावी.

1771 च्या फेब्रुवारीत बापलेक गलबतात बसून निघाले आणि नोव्हेंबरात लिस्बनला पोचले. नऊ महिन्यांचा तो समुद्रप्रवास! जुझेला तेव्हा पंधरावे वर्ष चालू होते. कायतान मोठे खटपटी गृहस्थ. पोर्तुगालच्या राजाचा आश्रय मिळवून त्यांनी मुलास रोमला शिकावयास पाठविले. तेथे 1780 मध्ये त्याला पाद्रीपणाची दीक्षा मिळाली, धर्मशास्त्रात डॉक्टरकी मिळाली, आणि पोप सहावे पायस यांच्यासमोर प्रवचन करण्याचा मानही मिळाला. गोव्याच्या एका तरुणास त्या काळी हे भाग्य लाभावे ही सामान्य गोष्ट नव्हे.

पुढे लिस्बनच्या राजवाड्यातील प्रार्थनामंदिरात घडलेला एक प्रसंग आम्हां कोकणी घरांतून आजही सांगितला जातो. तो इतिहास की आख्यायिका हा निवाडा आम्ही करीत नाही. तरुण फारिया प्रवचनपीठावर चढले. समोर राणी, सरदार, दरबारी असा थाट पाहून त्यांची बोबडी वळली, तोंडातून शब्द फुटेना. खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत त्यांस सांगितले की, अरे, ही समोरची सारी भाजी आहे, काप ती भाजी! त्या शब्दांसरशी मुलाची भीती पळाली आणि प्रवचन धबधब्यासारखे वाहू लागले. गोष्ट सांगून सगळे हसतात. आमच्या मते मात्र फारियांच्या पुढील आयुष्याची किल्लीच तीत आहे. आपल्या मनाची स्थिती बदलावयास कधी कधी बाहेरून आलेला एकच शब्द पुरतो, हे त्या मुलाने त्या दिवशी स्वतःवरच अनुभवले असले पाहिजे.

1787 मध्ये गोव्यात पोर्तुगीज सत्ता उलथून टाकण्याचा एक कट उघडकीस आला. कांदोळीच्या पिंटो घराण्यावरून तो पिंटोंचा कट म्हणून ओळखला जातो. एतद्देशीय पाद्र्यांना कितीही विद्वत्ता असली तरी वरच्या जागा मिळत नसत, हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण. 47 जण पकडले गेले आणि त्यांतील 15 जणांस 1788 च्या डिसेंबरात पणजीस देहान्ताची शिक्षा झाली. कटाच्या म्होरक्यांपैकी काही पाद्री त्यापूर्वी लिस्बनला जाऊन आले होते व फारिया पितापुत्रांशी त्यांचा संबंध होता. तेव्हा संशयाची छाया या दोघांवरही पडली. 1788 च्या सुमारास धाकटे फारिया लिस्बन सोडून पॅरिसला गेले. गोवा तर 1771 मध्येच सुटला होता. तो त्यांच्या डोळ्यांस पुन्हा दिसला नाही.

पॅरिसला ते पोचले आणि वर्षभरातच तेथे राज्यक्रांतीचा वणवा पेटला. 1795 च्या ऑक्टोबरात तेथील सत्ताधारी सभेविरुद्ध जे लोक उठले त्यांच्या एका तुकडीचे फारिया पुढारी होते, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. तो उठाव तोफा डागून मोडून काढणारा तरुण सेनाधिकारी म्हणजे नेपोलियन. या धामधुमीच्या वर्षांविषयी अधिक न लिहिता आम्ही मुख्य गोष्टीकडे वळतो. पण तिच्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

क्रांतीच्या आधी, 1778 मध्ये, व्हिएन्नाहून मेस्मर नावाचा एक वैद्य पॅरिसला आला होता. सर्व विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे, प्राण्यांच्या शरीरातही तो चुंबकाप्रमाणे खेळतो, तो अडला की माणूस आजारी पडतो आणि आपण तो आपल्या देहातून रोग्याच्या देहात सोडू शकतो, असा त्याचा दावा होता. त्याच्या दालनाचे वर्णन वाचताना एखाद्या जादूगाराच्या रंगमंचाची आठवण होते. पडदे ओढून केलेला अंधूक उजेड, भिंतींवर आरसे, मधोमध पाणी आणि लोखंडाचा कीस भरलेले मोठे लाकडी पिंप, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या जागी टेकवून बसलेले रोगी, आणि कानांवर काचवाद्याचे मंद सूर. मग तलम झगा घालून, हातात कांडी घेऊन मेस्मर फिरू लागे. कोणी रडे, कोणी हसे, कोणास आचके येत. देवाचा भार अंगात येताना ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चित्र अगदीच परके वाटणार नाही.

राजाने 1784 मध्ये चौकशीसाठी विद्वानांचे मंडळ नेमले. त्यात विजेचा अभ्यास करणारे फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिन यांच्या बागेत एक झाड चुंबकद्रवाने भारण्यात आले आणि बारा वर्षांच्या एका मुलास डोळे बांधून झाडांमधून नेण्यात आले. मुलगा मूर्च्छित झाला खरा, पण भलत्याच झाडाखाली! द्रवबीव काही नाही, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निर्वाळा मंडळाने दिला आणि प्रकरण मिटविले. तो बरोबरच होता. परंतु केवळ कल्पनेने धडधाकट मुलगा मूर्च्छित कसा पडतो, हा खरा प्रश्न तसाच राहिला. त्याच वर्षी प्युइसेग्युर नावाच्या एका सरदाराच्या हाताखाली व्हिक्तोर नावाचा शेतकरी आचक्यांऐवजी शांत झोपेत गेला व झोपेतच बोलू लागला. या प्युइसेग्युरांना फारिया मानीत. पुढे आपला ग्रंथ त्यांनी त्यांनाच अर्पण केला.

1811 मध्ये फारियांची फ्रान्सच्या दक्षिण भागात तत्त्वज्ञानाचे अध्यापक म्हणून नेमणूक झाली. पण ते तेथे रमले नाहीत. पॅरिसला परतून 11 ऑगस्ट 1813 या दिवशी त्यांनी क्लिशी रस्त्यावरील 49 क्रमांकाच्या घरात आपली जाहीर व्याख्याने सुरू केली. दर गुरुवारी सभा भरे आणि प्रवेशास पाच फ्रँक पडत. सावळा वर्ण, पिकू लागलेले केस, मोठे डोळे, वय सत्तावन्न. हा परदेशी पाद्री काय चमत्कार दाखवितो हे पाहण्यास पॅरिसची उच्चभ्रू मंडळी, विशेषतः स्त्रिया, गर्दी करू लागल्या.

तेथे पिंप नव्हते, कांडी नव्हती, अंधारही नव्हता. फारिया समोरच्या व्यक्तीस खुर्चीत सैल बसावयास, डोळे मिटावयास आणि केवळ झोपेचा विचार करावयास सांगत. व्यक्ती स्वस्थ झाली की ते खणखणीत आवाजात एकच आज्ञा देत : झोपा. एवढ्याने न भागले तर आपला उघडा तळवा डोळ्यांसमोर धरून तो हळूहळू जवळ आणीत, किंवा कपाळास व गुडघ्यांस हलकेच स्पर्श करीत. ज्यांना झोप लागे त्यांना मग साधे पाणी निराळ्याच पेयाच्या चवीचे लागे, उकाडा वा थंडी जाणवे, हात उचलू म्हटले तरी उचलेना. जागे झाल्यावरही सांगितलेली गोष्ट टिके.

एखाद्या गारुड्याने अशा वेळी आपल्या सामर्थ्याची दवंडी पिटली असती. फारिया लोकांस याच्या नेमके उलट सांगत. माझ्यात काही नाही, माझ्या हातातून काही निघत नाही, निद्रा येते ती तुमच्याच चित्ताच्या एकाग्रतेने व तुमच्याच कल्पनाशक्तीने, आणि ज्याच्या ठायी ती योग्यता नाही त्याला मी जन्मभर आज्ञा केली तरी तो झोपणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. या अवस्थेस ते सचेत निद्रा म्हणत आणि ती नेहमीच्या झोपेच्या जातीचीच आहे असे मानीत. मेस्मरने जी शक्ती आपल्या मुठीत असल्याचे सांगितले ती या कांदोळीकराने समोरच्याला परत देऊन टाकली.

याचे फळ त्यांना काय मिळाले? चुंबकद्रव मानणारे त्यांच्यावर रुष्ट झाले, कारण द्रवच नाही म्हटल्यावर त्यांचा व्यवसाय बुडत होता. धर्मगुरूंना यात सैतानाचा हात दिसला. विज्ञाननिष्ठांना पाद्र्याचा झगाच खुपला. अशात एके दिवशी एक नट सभेत शिरला. झोपल्याचे सोंग करून तो पडून राहिला आणि मग एकदम डोळे उघडून त्याने भर सभेत आबेंची टर उडविली. पॅरिसला तेवढे पुरले. 1816 मध्ये या विषयावर एक प्रहसन रंगभूमीवर आले आणि त्यात फारियांची हुबेहूब नक्कल करणारा नट पाहण्यास लोक लोटले. सत्य सांगणाऱ्याचे ढोंगी म्हणून सोंग, आणि सोंग करणाऱ्याला टाळ्या! व्याख्याने बंद पडली.

फारियांनी कधी पाय घसरू दिला नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. एका मेजवानीत आपण चुंबकविद्येने पिंजऱ्यातील पाखरू मारून दाखवितो, अशी बढाई त्यांनी मारली, पाखरू काही मरेना आणि आबेंनाच काढता पाय घ्यावा लागला, अशी हकीकत शातोब्रियां या थोर लेखकाने आपल्या आठवणींत नमूद केली आहे. ती लिहिताना त्या लेखकाने आपला हात थोडा सैल सोडला असेलही. रक्त पातळ असलेल्या माणसास ही निद्रा लवकर लागते, हे फारियांचे मतही चुकीचे ठरले आहे; आणि निद्रितास दूरचे व अंतरीचे दिसते या त्या काळच्या समजुतीतून ते पूर्णपणे सुटले नव्हते. वाट काढणारा माणूस स्वतः काट्यांतूनच चालत असतो.

अखेरची वर्षे त्यांनी पॅरिसमध्ये एका धर्मसंस्थेत साधे पाद्री म्हणून काढली. त्या एकांतात त्यांनी सचेत निद्रेच्या कारणांवर फ्रेंच भाषेत ग्रंथ लिहावयास घेतला. चार खंडांचा संकल्प होता, छापला गेला तो पहिलाच. त्याच्या मुखपृष्ठावर या ख्रिस्ती धर्मगुरूने आपल्या नावापुढे ब्राह्मण असा शब्द छापविला आहे! तो अभिमानाने, की आपण कोठले हे परक्या शहरास ठणकावून सांगण्यासाठी, हे आम्हांस अनेकदा कोडे वाटले आहे. ग्रंथ 1819 मध्ये निघाला आणि त्याच वर्षी 20 सप्टेंबरला पक्षाघाताने त्यांचा अंत झाला. मोंमार्त्र येथे त्यांना पुरले. थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही.

पुढे 1841 मध्ये मँचेस्टर येथील ब्रेड नावाच्या शस्त्रवैद्याने मोहनिद्रेचा असाच एक रंगमंचीय प्रयोग पाहिला, आणि दोन वर्षांनी त्यावर ग्रंथ लिहून या विद्येस आज जगभर रूढ असलेले नाव दिले. फ्रान्समध्ये नान्सी येथील लिएबो व बर्नहेम या वैद्यांनी सूचनेचे सामर्थ्य हीच या निद्रेची गुरुकिल्ली असल्याचे प्रतिपादन केले. बर्नहेम यांनी तर या मताचे पहिले श्रेय फारियांस मोकळ्या मनाने दिले. तोवर सामान्य वाचकाला मात्र फारिया वेगळ्याच रूपाने ठाऊक झाले होते. अलेक्झांडर द्यूमा याच्या मॉन्टे क्रिस्टोच्या कादंबरीत समुद्रातील तुरुंगात खितपत पडलेला एक विद्वान पाद्री आहे. त्याचे नाव आबे फारिया. द्यूमाने त्याला इटालियन केले आणि तुरुंगातच मारले. आमच्या शाळेच्या वाचनालयातून ही कादंबरी नेणाऱ्या कितीतरी मुलांना हा पाद्री खराच होता व तो बार्देशचा होता हे सांगितले की ती आमच्या तोंडाकडे पाहत राहतात.

फारियांचा ग्रंथ दुर्मिळ झाला होता. तो शोधून 1906 मध्ये पुन्हा छापून आणला तो दानिएल जेलाझिओ दालगादो या गोमंतकीय डॉक्टरांनी, आणि त्यासोबत फारियांचे चरित्रही लिहिले. पणजीचा पुतळा 1945 मधला आहे. तो घडविणारे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत हेही गोव्याचेच. पुढच्या सहलीस मुलांनी त्या पुतळ्यातील स्त्रीचा चेहरा जवळून पाहावा असे आम्हांस वाटते. आजवर सर्वांचे लक्ष त्या पुरुषाच्या हातांकडेच गेले आहे.