घोड्यांचा डॉक्टर आणि हवेचं चाक

गाडी पंक्चर व्हायचा मुहूर्त नेमका सबमिशनच्या सकाळीच असतो. मग आपण गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे जातो. तो टायर उचकटून ट्यूब बाहेर काढतो, पाण्याच्या टबात बुडवतो, बुडबुडे शोधतो, कानस मारतो, सोल्युशन लावतो, पॅच ठोकतो. तेवढ्या वेळात आपला कटिंग चहा होतो. ही ट्यूब आली कुठून, हा प्रश्न मात्र आपल्याला कधी पडत नाही. ती रस्त्यावर आणणारा माणूस इंजिनियर नव्हताच. तो होता जनावरांचा डॉक्टर, जॉन बॉईड डनलॉप.

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, शेतकरी घरात झाला. एडिंबरोला पशुवैद्यकाचं शिक्षण घेऊन ते १८६७ मध्ये आयर्लंडला गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना थाटला. घोडागाड्यांचा तो काळ, त्यामुळे धंदा जोरात चालला. नाल ठोकणारेच डझनभर लोक त्यांच्याकडे कामाला होते. म्हणजे चाळिशी ओलांडलेला, घरदार, नाव, पैसा सगळं असलेला हा गृहस्थ. शोध लावायची त्याला काही गरज नव्हती.

गरज होती त्यांच्या मुलाला. जॉनी नऊ-दहा वर्षांचा. त्याच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराचे टायर होते आणि बेलफास्टचे रस्ते दगडी फरशांचे. सायकल चालवायची म्हणजे हाडं खिळखिळी. १८८७ च्या ऑक्टोबरात डनलॉप यांनी पातळ रबराच्या पत्र्याची एक नळी चिकटवून तयार केली, ती लाकडाच्या गोल तबकडीवर बसवली, वरून लिननचं कापड गुंडाळलं आणि फुटबॉलच्या पंपाने हवा भरली. मग टेस्टिंग. आधी सायकलचं जुनं चाक अंगणात घरंगळत सोडलं. ते मध्येच कलंडलं. नंतर हवेचं चाक सोडलं. ते सरळ जाऊन फाटकाच्या खांबाला धडकून परत उसळलं. रोलिंग रेझिस्टन्सचा इतका स्वस्त प्रयोग आपल्या लॅबमध्येसुद्धा होत नसेल!

२८ फेब्रुवारी १८८८ ला जॉनीच्या सायकलला हवेची चाकं बसली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला पेटंट मिळालं. पण लोकांना ते फुगीर टायर बघून हसू यायचं. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम नावाचा सायकलपटू हे टायर लावून शर्यतीत उतरला आणि जिंकत सुटला. हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. हार खाणाऱ्यांत हार्वे डू क्रॉस या डब्लिनच्या व्यापाऱ्याची मुलं होती. पोरं कशामुळे हरली हे बापाच्या बरोबर लक्षात आलं. त्याच वर्षी डब्लिनला कंपनी उभी राहिली आणि डनलॉप यांनी आपले पेटंटचे हक्क तिच्या हवाली केले.

इथपर्यंत सगळं सिनेमासारखं. पण इंटरव्हलनंतर गोष्ट फिरली. दोनेक वर्षांत कळवण्यात आलं की पेटंट रद्दबातल आहे, कारण हा शोध आधीच लागलेला आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच हवेच्या टायरचं पेटंट घेतलं होतं. १८४७ मध्ये लंडनच्या रिजंट्स पार्कात त्याच्या घोडागाड्या हवेच्या चाकांवर धावल्याही होत्या. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामडं, अशी त्याची रचना होती. पण तेव्हा आजच्यासारखी सायकल नव्हती, मोटार नव्हती, चांगलं पातळ रबर महाग होतं. थॉमसन १८७३ मध्ये वारले आणि शोध कागदावरच राहिला. डनलॉप यांना त्याची कल्पनाही नव्हती. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट झकास झाला, पण लिटरेचर सर्व्हे राहून गेला.

दुसरी अडचण आपल्या पंक्चरवाल्याच्या धंद्यातली. डनलॉप यांचा पहिला टायर चाकाला चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं की कापड सोलून काढायचं, ट्यूब सांधायची, परत चिकटवायचं आणि वाळायची वाट बघायची. तासन्‌तास जायचे. यावर उत्तर इतरांनी काढलं. १८९० मध्ये वेल्च यांनी कडेला तार घातलेला टायर आणला, बार्टलेट यांनी रिमच्या वळलेल्या काठात अडकणारा टायर केला. डू क्रॉसने ही दोन्ही पेटंटं विकत घेतली म्हणून कंपनी तगली. १८९१ ला फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनीही काढता-घालता येणारा टायर आणला.

डनलॉप १८९५ मध्ये कंपनीतून बाहेर पडले. दुसऱ्याच वर्षी ती ३० लाख पौंडांना विकली गेली. ज्याच्या नावावर हे सगळं चाललं, त्याला त्यातून मोठी दौलत मिळाली नाही. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिन इथे ते वारले. नाव मात्र जगभर फिरलं. आपल्याकडे १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला त्याच नावाचा टायरचा कारखाना निघाला.

आता थोडं आजचं. आपल्यातल्या बाइकवेड्यांनी ट्रायल्स मोटरसायकलचे व्हिडिओ पाहिले असतीलच. दगड, ओढे, ओंडके यांवरून पाय न टेकवता गाडी न्यायची. वेगाला मार्क नाहीत, पाय टेकला की दंड. यातली मानाची सहा दिवसांची स्पर्धा डनलॉप यांच्याच स्कॉटलंडमध्ये १९०९ पासून चालत आली आहे. या गाडीच्या मागच्या टायरात जेमतेम ४-५ पाउंड हवा असते. टायर दगडावर पसरला पाहिजे, तरच पकड मिळते. पण एवढ्या कमी हवेत ट्यूब घातली तर दगड आणि रिम यांच्यात ती चिमटते आणि फाटते. शिवाय इंजिनाच्या जोराने टायर रिमवर सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह उपटतो. म्हणून मागे ट्यूबलेस. टायरच्या आतलं अस्तरच हवा धरतं आणि कडा रिमला घट्ट बसतात. त्यासाठी रिम मात्र हवाबंद लागते. साध्या स्पोकच्या चाकात आरीच्या भोकांतून हवा जाते, म्हणून नुसती ट्यूब काढून टाकून भागत नाही.

गंमत बघा. ज्या ट्यूबमुळे डनलॉप मोठे झाले, ती मागच्या चाकातून गेली. पण त्यांनी जे साधलं होतं, म्हणजे माणसाच्या आणि दगडाच्या मध्ये हवा ठेवणं, ते तसंच आहे. आणि पुढच्या २१ इंची चाकात बऱ्याच ट्रायल्स गाड्यांना आजही ट्यूबच असते.

डनलॉप हवेच्या टायरचे पहिले शोधक नव्हते, शेवटचेही नव्हते. पोराचा त्रास बघून अंगणात कामाला लागलेला एक बाप, एवढीच त्यांची सुरुवात. पुढच्या वेळी पंक्चरवाल्याकडे चहा पिताना त्यांची आठवण काढा. आणि प्रोजेक्टचा सिनॉप्सिस देण्याआधी एक चक्कर लायब्ररीत मारा. आपला थॉमसन कुठल्या तरी कपाटात बसलेला असू शकतो.