दोन दंगलींमधले गामा पहिलवान

मराठीत ‘दंगल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कुस्त्यांचा जंगी फड ही दंगल आणि रस्त्यावर उसळणारा हिंसाचार हीदेखील दंगल. पहिल्या दंगलीत अपराजित राहिलेले गामा पहिलवान उतारवयात दुसरीलाही सामोरे गेले. म्हणूनच त्यांचे चरित्र केवळ विजयांची यादी ठरत नाही.

गुलाम मोहम्मद ऊर्फ गामा यांचा जन्म 1878 मध्ये पंजाबातील मल्लांच्या घराण्यात झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. पुढे दतिया संस्थानाचा आश्रय लाभला. वयाच्या दहाव्या वर्षी जोधपूरच्या बैठकांच्या स्पर्धेत त्यांनी भल्याभल्या मल्लांना अचंबित केले.

1910 मध्ये धाकटे बंधू इमाम बक्ष यांच्यासह ते लंडनला गेले. उंची कमी असल्याचे कारण सांगून त्यांना स्पर्धेत प्रवेश नाकारण्यात आला. तेव्हा त्यांनी तेथील मल्लांना जाहीर आव्हान दिले. अमेरिकेचे बेंजामिन रोलर यांना त्यांनी दोनदा चीत केले. पोलंडचे स्टानिस्लॉस झ्बिश्को यांनी मात्र बहुतांश वेळ गादीला चिकटून राहणेच पसंत केले आणि अडीच तासांहून अधिक काळ चाललेली ती कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानंतरच्या फेरलढतीस झ्बिश्को आलेच नाहीत. ‘जॉन बुल’ पट्टा गामांना मिळाला. 1928 मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा गामांनी एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

कुस्तीतही बळाचा प्रयोग असतो, मग तिला हिंसा का म्हणू नये? उत्तर आखाड्याच्या रिवाजात आहे. दोघेही मल्ल स्वेच्छेने मातीत उतरतात, हात मिळवतात, पंचाचा निर्णय मानतात. प्रहार वर्ज्य असतो आणि पाठ मातीला टेकताच लढत संपते. जमावाच्या हिंसेत यांपैकी काहीच नसते. तेथे समोरच्याची संमती नसते, पंच नसतो आणि थांबण्याची खूणही नसते.

तरीही बळासोबत विवेक आपोआप येत नाही. तालमीत कमावलेली शरीरे दंगेखोरांच्या कामी आल्याची उदाहरणे उपखंडाने पाहिली आहेत.

1947 मध्ये लाहोर पेटले, तेव्हा गामा सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मोहनी रस्त्यावरील हिंदू शेजाऱ्यांच्या रक्षणासाठी ते शिष्यांसह जमावापुढे उभे राहिले, असे सांगितले जाते. पुढे शेजाऱ्यांना शहर सोडणे भाग पडले, तेव्हा त्यांनी वाटखर्चाची व शिध्याची सोय केली, अशीही आठवण सांगतात. या कुस्तीचा पट्टा नव्हता, निकालही नव्हता. शेजारी अखेर गेलेच. मात्र सुखरूप गेले.

फाळणीनंतर राजाश्रय संपला. आजारपण आणि आर्थिक ओढाताण यांतच 23 मे 1960 रोजी लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या बैठका आणि खुराकाचे आकडे आजही तालमींत कौतुकाने सांगितले जातात. नवोदित मल्लांना मोहनी रस्त्याची आठवणही तितक्याच अगत्याने सांगितली जावी. प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकताच पकड सोडायची, हा धडा आखाड्याबाहेरही उपयोगी पडतो.