पानिपतचे हाली

मराठी माणसाच्या लेखी पानिपत हे गाव नव्हे. १७६१ च्या संहाराचे ते नाव, आणि पुढे कोणत्याही दारुण पराभवाला आपण तोच शब्द लावू लागलो. त्या संग्रामानंतरही गाव नांदत होते, आणि पाऊणशे वर्षांनी तेथे जन्मलेल्या एका मुलाने उर्दू काव्यविचाराची दिशा पालटली, याची दखल आपल्या वाङ्मयचर्चेत क्वचितच घेतली जाते. ख्वाजा अल्ताफ हुसेन हाली (१८३७–१९१४) हा तो मुलगा.

घराणे अन्सारींचे, बल्बनच्या काळात हेरातहून आलेल्या पूर्वजांचा अभिमान बाळगणारे, पण हालींच्या वेळी ओढग्रस्तीला आलेले. नवव्या वर्षी पितृछत्र हरपले. वडीलबंधूंनी सांभाळ केला, कुराण मुखोद्गत झाले, सतराव्या वर्षी लग्नही लावून देण्यात आले. शिक्षणाची भूक मात्र भागली नव्हती. पत्नी माहेरी गेल्याची संधी साधून हा तरुण १८५४ मध्ये कोणास न सांगता पायी दिल्लीला निघून गेला आणि जामा मशिदीजवळच्या एका मदरशात अरबी शिकू लागला. त्याच शहरात दिल्ली कॉलेज होते. परंतु इंग्रजी शिक्षणाला विद्या म्हणण्याची रीतच त्याच्या वर्तुळात नव्हती. पुढे पाश्चात्त्य वाङ्मयविचाराचा आधार घेऊन उर्दू समीक्षेचा पाया घालणाऱ्या हालींना इंग्रजी कधीच नीट अवगत झाली नाही. त्यांचे सारे पाश्चात्त्य ज्ञान अनुवादांतून आणि ऐकीव चर्चेतून आलेले होते.

घरच्यांनी परत आणल्यावर हिसार येथे लहानशी नोकरी, मग १८५७ चा उठाव, आणि काही वर्षे पुन्हा पानिपत. त्यानंतरच्या दिल्लीत नवाब मुस्तफाखान शेफ्ता यांच्या घरी शिक्षकी आणि गालिब यांचा सहवास लाभला. याच तरुणाने गालिबना नमाजाचा उपदेश करणारे लांबलचक पत्र लिहिले होते! उत्तरायुष्यात गुरूचे चरित्र लिहिताना ही आगळीक त्यांनी स्वतःच नोंदविली.

१८६९ मध्ये गालिब गेले, शेफ्ताही गेले. हाली लाहोरच्या सरकारी ग्रंथभांडारात इंग्रजीतून उर्दूत आलेल्या पुस्तकांची भाषा तपासू लागले. तेथेच १८७४ मध्ये अंजुमन-ए-पंजाबने मुशायऱ्याची रीत बदलली. जुन्या मुशायऱ्यात एक ओळ दिली जाई आणि त्याच वृत्त-यमकात कवींनी गझल रचावयाची असे; आपल्याकडील समस्यापूर्तीशी हिचे नाते उघड आहे. नव्या मुशायऱ्यात ओळीऐवजी विषय देण्यात आला. पावसाळा, आशा, स्वदेशप्रेम अशा विषयांवर हालींनी तेथे कविता वाचल्या. बदल दिसावयास किरकोळ. परंतु ठरीव प्रेयसी, ठरीव विरह आणि ठरीव मदिरालय यांच्यावाचून कविता उभी राहू शकते, हे भर सभेत सिद्ध झाले.

सर सय्यद अहमदखान यांच्या प्रेरणेने लिहिलेली, ‘मुसद्दस’ म्हणून प्रसिद्ध असलेली दीर्घ षट्पदी कविता १८७९ ची. इस्लामी संस्कृतीची भरती-ओहोटी सांगताना बगदादचा विध्वंस, अंदलुसियातील भग्न वास्तू यांचे दर्शन हाली घडवितात. पण भग्नावशेषांपाशी अश्रू ढाळीत बसणे हा त्यांचा हेतू नव्हे. रोख समकालीनांच्या आळसावर आहे. १८८४ च्या ‘मुनाजात-ए-बेवा’त विधवेचे दुःख त्यांनी घरगुती, जवळजवळ हिंदी अशा बोलीत मांडले. दोनच वर्षांपूर्वी ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाला होता. ताराबाईंचा त्वेष हालींजवळ नाही. पण विधवेच्याच तोंडी कविता घालण्याचे धैर्य आहे, आणि ते मला अधिक टिकाऊ वाटते.

१८९३ मध्ये, म्हणजे केशवसुतांनी ‘तुतारी’ लिहिली त्याच वर्षी, हालींचा ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ प्रसिद्ध झाला. साधेपणा, वास्तवता आणि उत्कटता हे त्यांनी मानलेले काव्यगुण मिल्टनच्या एका विधानावरून घेतलेले. त्या विधानाचा त्यांनी लावलेला अर्थ मूळ अर्थाहून बराच वेगळा आहे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच विसंगती. रूढ गझलेवर कठोर टीका करणारा हा प्रबंध हालींच्या स्वतःच्या दीवानाची प्रस्तावना आहे, आणि त्या दीवानात गझला आहेत, त्यांतील काही फार सुंदर आहेत. चारच वर्षांनी, १८९७ मध्ये, ‘यादगार-ए-गालिब’ आले. ज्या संकेतव्यूहाचा त्यांनी निषेध केला, त्याच्याच सर्वश्रेष्ठ कवीची बैठक, विनोद, आंब्यांची आवड आणि दुर्बोध शेरांचे अर्थ त्यांनी जिव्हाळ्याने जपून ठेवले. याला कोणी वैचारिक दुबळेपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. १८५७ नंतरच्या दिल्लीत सुधारकालाच स्मृतिरक्षकही होणे भाग होते.

हैदराबाद संस्थानाने दिलेल्या वेतनामुळे नोकरी सुटली आणि अखेरची वर्षे पानिपतात गेली. १९०४ मध्ये ‘शम्स-उल-उलेमा’ हा किताब मिळाला. १९०५ मध्ये स्त्रियांच्या मूक सोसण्यावरील ‘चुप की दाद’ प्रसिद्ध झाली. ३१ डिसेंबर १९१४ रोजी पानिपतातच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्याच गावी जन्मलेले त्यांचे पणतू ख्वाजा अहमद अब्बास पुढे मुंबईत पत्रकार आणि चित्रपटकार म्हणून नावारूपाला आले. १९४७ मध्ये पानिपतची बहुतेक मुसलमान घरे गाव सोडून गेली. हालींची कबर तेथेच, बू अली शाह कलंदर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. काला आंब येथील युद्धस्मारक पाहावयास जाणाऱ्या मराठी प्रवाशाला तेथवर जाण्यास फारसा वेळ लागत नाही.