मूळ कागदाचा माग घेणारे सेतुमाधवराव पगडी

दरवर्षी गणपतीच्या आधी आपल्या घरांत माळे झाडले जातात. पितळेची समई, मखराचे सामान, पणजोबांची ट्रंक असे सगळे खाली उतरते. त्या ट्रंकेत बहुतेक घरांत एखादे कागदांचे गाठोडे असतेच. कुणाकडे ते मोडीत, कुणाकडे उर्दूत. वाचता कुणालाच येत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पाहू असे म्हणून ते परत वर जाते, किंवा मग रद्दीत. अशा कागदांची किंमत ज्यांनी आयुष्यभर ओळखली आणि ज्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचा काळ आपल्याच आदिलाबादेत गेला, त्या सेतुमाधवराव पगडी यांचे स्मरण यंदाच्या स्मरणिकेत करावे असे आम्हाला वाटले.

सेतुमाधवरावांचा जन्म 27 ऑगस्ट 1910 रोजी निलंगा येथे झाला. निलंगा तेव्हा हैदराबाद संस्थानातील बीदर जिल्ह्यात होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येत असा तो मुलूख. उच्च शिक्षण घेऊन ते निजामाच्या मुलकी सेवेत दाखल झाले. दप्तराची भाषा उर्दू आणि जुन्या कागदांची फारसी. नोकरीपुरते उर्दू येणारे अधिकारी पुष्कळ होते. सेतुमाधवराव मात्र गालिब आणि इकबाल यांच्या काव्यापर्यंत गेले आणि पुढे त्यांनी या कवींची ओळख मराठी वाचकांना करून दिली. भाषेच्या दारातून आत शिरून माणसापर्यंत पोहोचायचे, ही त्यांची रीतच होती.

हीच रीत त्यांनी आपल्या जिल्ह्यात वापरली. 1940 मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. जंगल आणि जमीन हातची जात असल्याचा गोंड-कोलामांचा संताप त्या बंडात होता. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या भागाच्या अभ्यासासाठी नेमले. ते मारलवाईला राहिले. गोंड मुलांसाठी गोंडी भाषेतील पुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली, पट्टे देण्याचे काम सुरू झाले. त्या दशकात आदिवासींच्या कामासाठी आलेल्या अधिकाऱ्यांत सेतुमाधवराव होते.

येथे त्यांच्यापुढे वेगळाच पेच होता. गोंडांकडे कागद नव्हता, आणि कचेरीत कागदाशिवाय बोलणे ऐकले जात नसे. पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन एका नोंदीअभावी दुसऱ्याच्या नावावर चढे. पण कागद नाही म्हणजे इतिहास नाही असे सेतुमाधवरावांनी मानले नाही. किकरीवर गोंड घराण्यांच्या कथा गाणारे परधान हे त्या समाजाचे चालतेबोलते दप्तरच. ते समजायचे तर दुभाष्या उपयोगाचा नव्हता. सेतुमाधवराव गोंडी शिकले, कोलामी शिकले. नुसते बोलण्यापुरते नव्हे, तर कोलामीचे व्याकरण 1950 मध्ये आणि गोंडीचे 1954 मध्ये त्यांनी सिद्ध केले. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत स्वतंत्र पुस्तकही लिहिले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला पुष्य अमावास्येला आपणही जातो, पण त्या गर्दीतल्या किती शब्दांचा अर्थ आपल्याला कळतो, हा प्रश्न त्यांचे काम पाहिले की मनाला लागतो.

1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली. किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातील इस्लापूरचा भाग मुंबई राज्यात गेला, उरलेला आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात. पैनगंगेच्या दोन तीरांवर एकाच घरची माणसे दोन राज्यांत राहू लागली. सेतुमाधवरावही मुंबईच्या प्रशासनात गेले. तेथे ते सचिवपदापर्यंत पोहोचले आणि गॅझेटियरच्या संपादनाचे कामही त्यांनी पाहिले.

त्यांचे नाव घराघरांत गेले ते मात्र मराठ्यांच्या इतिहासामुळे. आपला इतिहास बराचसा बखरींवर पोसलेला. त्यांतल्या पुष्कळ बखरी घटनांनंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेल्या. सेतुमाधवरावांनी शत्रूच्या दप्तरात पाहायचे ठरवले. भीमसेन सक्सेना हा मोगलांच्या चाकरीत दख्खनभर फिरलेला, जिंजीचा वेढा डोळ्यांनी पाहिलेला कायस्थ. मोगल फौजेचे हाल तो लपवत नाही. खाफीखान तर शिवाजी महाराजांना शिव्या घालतो, पण स्त्रिया आणि कुराण यांचा मान राखण्याची महाराजांची सक्त ताकीद होती हेही तोच सांगतो. भाटाच्या स्तुतीपेक्षा वैऱ्याची अशी कबुली कितीतरी वजनदार. या ग्रंथांतील मराठ्यांविषयीचा भाग सेतुमाधवरावांनी सरळ फारसीतून मराठीत आणला.

त्याहून मोलाची ठरली मोगल दरबारची बातमीपत्रे, म्हणजे अखबार. बादशहाच्या छावणीत राजेरजवाड्यांचे वकील असत. आज कोण हजर झाला, कुणाला मनसब मिळाली, कोणत्या किल्ल्याकडून काय खबर आली, याची रोजची टिपणे ते आपल्या धन्याकडे धाडत. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसे, म्हणून त्यात मागाहून रचलेली कथा नसते. पण ही टिपणे घाईच्या शिकस्ता लिपीत, तारखा हिजरी आणि बादशहाच्या राज्यवर्षाच्या. लिपी लावा, तारीख जुळवा, अपभ्रष्ट लिहिलेले गावाचे नाव ओळखा आणि मगच वाक्याचा अर्थ करा. अशा कष्टातून औरंगजेबाच्या दख्खनमधील वर्षांचा दिवसादिवसाचा हिशेब मराठी वाचकाच्या हाती आला. मात्र बातमीपत्रही शेवटी एका बाजूचेच. छावणीत पोहोचलेली खबर खरीच असेल असे नाही. म्हणून ते मराठी पत्रांशी ताडून पाहावे लागते.

1992 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1994 मध्ये ते गेले. त्यांचे समग्र लेखन हैदराबादच्या मराठी साहित्य परिषदेने प्रसिद्ध केले, ही तेलंगणातील आपणा मराठी माणसांसाठी अभिमानाची गोष्ट.

पण अभिमान आरतीपुरता नसावा. हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील दीड लाखांहून अधिक फारसी कागद आहेत. ते वाचणारे डोळे कमी होत चालले आहेत. आपल्या माळ्यावरचे गाठोडे तर कुठल्याच यादीत नाही. त्यात कदाचित शेताची पावती असेल, कदाचित लग्नाचा खर्च, कदाचित एखाद्या गोंड शेतकऱ्याच्या हक्काचा उल्लेख. तेव्हा यंदा ट्रंक उघडली की कागद उन्हात न टाकता सावलीत मोकळे करावेत, घड्या जोराने न उलगडता फोटो काढावेत आणि ते कुणाचे, कुठून आले हे आजी-आजोबांना विचारून सोबत लिहून ठेवावे. घरातल्या एका मुलाने मोडी शिकावी, एकाने उर्दू. आणि शेजारच्या गोंड पाड्यावर जाऊन कुणी दोन कथा त्यांच्याच भाषेत ऐकल्या, तर सेतुमाधवरावांचे स्मरण खऱ्या अर्थाने झाले असे आम्ही समजू.

महाभारत लिहून घेताना अर्थ समजल्याशिवाय पुढे लिहायचे नाही, ही व्यासांची अट आपल्या गणरायाने पाळली. त्या लेखनिक देवाच्या उत्सवात आपणही इतके करू या.