सोडियमला ‘एस’ नाही, ‘एनए’ का? अक्षरं वाटणारा बर्झेलियस

बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याखाली उसाचं रान क्षारपड झालं की माती तपासायला जाते. अहवालात ‘एनए’ असतं. ते सोडियम. हे अक्षर आलं स्वीडनमधून.

यॉन्स याकोब बर्झेलियस १७७९ साली जन्मला. लहानपणीच आई-वडील गेले. शिकून डॉक्टर झाला, पण रमला रसायनात. तेव्हा डाल्टन प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा गोल काढायचा. छापणाऱ्याला ती डोकेदुखीच. १८१३-१४ च्या सुमारास बर्झेलियसनं लॅटिन नावांची आद्याक्षरं घेतली. सोडियम म्हणजे नॅट्रियम, म्हणून ‘एनए’. लोखंड फेरम, म्हणून ‘एफई’. अणूंचे आकडे मात्र तो वर लिहायचा. ते खाली आले नंतर.

प्रत्येक संयुगात एक भाग धन, एक ऋण, असंही तो मांडायचा. मिठाला ते चपखल बसलं. सेंद्रिय पदार्थांत मात्र धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन सहज बसताना दिसला. तरीही तो हटला नाही, आणि तरुण रसायनशास्त्रज्ञ दुरावले. १८४८ मध्ये तो गेला.

त्याची अक्षरं टिकली. ‘सीओ३’ कार्बोनेट, ‘एचसीओ३’ बायकार्बोनेट. चोपण रानात टाकतात ते जिप्सम म्हणजे ‘सीएएसओ४’ आणि पाणी; त्यातला ‘सीए’, म्हणजे कॅल्शियम, मातीच्या कणांवरून ‘एनए’ला हुसकावतो.