तराजूचा शास्त्रज्ञ

तराजूनें आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घातला, हें ऐकून आमच्या व्यापारी वाचकांस नवल वाटेल. आंत्वान लव्हाझ्ये हा १७४३ सालीं पॅरिस येथें जन्मला. कायद्याची परीक्षा उतरूनही त्याचें मन पदार्थांच्या परीक्षेंतच रमलें. धातु भाजून भस्म केल्यास वजन वाढतें, हें पूर्वींच ठाऊक होतें. कारणाविषयीं मात्र वाद होता. लव्हाझ्येनें १७७४ मध्यें कथील काचेच्या बंद पात्रांत तापविलें. पात्रासह वजन पूर्वीइतकेंच भरलें. तोंड उघडून हवा आंत शिरली, तेव्हां तें वाढलें. धातूनें हवेचाच अंश घेतला होता. रूप पालटलें तरी द्रव्याचें एकंदर वजन कायम राहतें, हा नियम त्यानें १७८९ च्या ग्रंथांत मांडला. सरकारी करवसुलीच्या मक्त्यांत तो भागीदार होता. त्याबद्दल राज्यक्रांतीच्या न्यायासनानें ८ मे १७९४ रोजीं एकाच दिवसांत खटला उरकून त्याचा शिरच्छेद करविला.

आमच्या कित्येक प्राथमिक शाळांत मुलें पदार्थांचे गुणधर्म तराजूस हात न लावतां घोकतात. पाण्यांत विरघळलेल्या मिठाचें वजन नाहींसें होत नाहीं, हें त्यांनीं स्वतः तोलून पाहावें. प्रत्येक पेठेनें जवळच्या शाळेस एक तराजू द्यावा. लव्हाझ्येचें याहून उचित स्मारक कोणतें?