कॅलरीचा हिशेब मांडणारे ॲटवॉटर

बिस्किटाचा पुडा असो, दुधाची पिशवी असो की फरसाणाचे पाकीट, मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कॅलरीचा आकडा छापलेला असतो. वजन कमी करायला निघालेल्या माणसाची नजर आधी त्यावर जाते. सोमवारी आकडा पाळला जातो, मंगळवारी पाळला जातो, शनिवारी कुणाच्या तरी हळदीचे जेवण येते आणि रविवारी ‘आता सगळेच फिसकटले’ म्हणून पथ्य सोडून दिले जाते. हा आकडा ज्या शास्त्रज्ञाच्या कामातून आपल्या हातात आला, त्याने मात्र असा रोजचा कडक हिशेब कधीच मागितला नव्हता. विल्बर ऑलिन ॲटवॉटर हे त्यांचे नाव. अमेरिकेतील पोषणशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

ॲटवॉटर यांचा जन्म ३ मे १८४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील जॉन्सबर्ग येथे झाला. वडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. मिडलटाउन गावातल्या वेस्लियन विद्यापीठातून १८६५ मध्ये ते पदवीधर झाले आणि पुढे येल विद्यापीठात शेतीच्या रसायनशास्त्राकडे वळले. १८६९ मध्ये मक्याच्या वेगवेगळ्या वाणांत काय काय घटक असतात, या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली. धान्याचा दाणा जाळून, विरघळवून, तोलून त्यात काय आहे ते शोधायचे, ही सवय त्यांना तेव्हापासूनची.

त्या काळी रसायनशास्त्राची पंढरी म्हणजे जर्मनी. ॲटवॉटर लाइपझिग आणि बर्लिन येथे दोन वर्षे शिकले. तिथली सरकारी मदतीवर चालणारी शेती संशोधन केंद्रे त्यांच्या मनात भरली. मायदेशी परतल्यावर १८७३ मध्ये ते वेस्लियनमध्ये प्राध्यापक झाले आणि दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, अमेरिकेतील राज्याच्या मदतीने चालणारे पहिले शेती संशोधन केंद्र मिडलटाउनला सुरू झाले. सुरुवातीचे काम खतांच्या तपासणीचे होते. शेतकऱ्याला खत म्हणून भलतेच काही विकले जाऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू.

खतावरून ते माणसाच्या अन्नाकडे आले ते माशांमुळे. अमेरिकेच्या मत्स्य आयोगासाठी त्यांनी खाण्याच्या माशांचे रासायनिक पृथक्करण केले. मग प्रश्न पडला, की माशात काय आहे ते कळले. पण ते खाऊन शरीराला काय मिळते? उत्तर शोधायला ते १८८२ मध्ये पुन्हा जर्मनीला, म्युनिकच्या कार्ल फॉइट यांच्या प्रयोगशाळेत गेले. माणसाला एका बंद खोलीत ठेवून त्याच्या श्वासाचा हिशेब मांडण्याचे काम तिथे १८६० च्या दशकापासून चालू होते. फॉइट यांचे शिष्य माक्स रुब्नर अन्नातील उष्णतेची मोजणी करत होते. पुढे रुब्नर यांनी कुत्र्यावर प्रयोग करून दाखवले, की खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा आणि शरीराने बाहेर टाकलेली उष्णता यांचा मेळ बसतो. माणसाच्या बाबतीत तो बसतो का, हे सिद्ध व्हायचे होते.

ॲटवॉटर यांना याची ओढ लागण्यामागे केवळ कुतूहल नव्हते. अमेरिकेतील मजुरांच्या कमाईतला निम्म्याहून अधिक वाटा पोटापाण्यावर जात असे. त्यातही महागडे मांस घ्यायचे आणि स्वस्त कडधान्ये, पीठ यांना कमी लेखायचे, अशी रीत होती. तेवढ्याच पैशांत अधिक ताकद देणारे अन्न कोणते, हे कामगाराला सांगता आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. आज जे परिमाण कमी खाण्यासाठी वापरले जाते, ते गरिबाला पुरेसे खायला मिळावे म्हणून लोकांपर्यंत नेले गेले.

त्यांचे सहकारी मग लोकांच्या स्वयंपाकघरात शिरले. घरात आधी असलेला शिधा तोलायचा, रोज काय विकत आणले ते तोलायचे, उरलेले आणि टाकलेले तोलायचे, शेवटी शिल्लक पुन्हा तोलायची. ही नोंद एका दिवसात आटोपत नसे. अनेक दिवस, कधी काही आठवडे ती चाले. कारण उघड होते: कोणतेही घर रोज सारखे जेवत नाही. एका दिवसाच्या ताटावरून त्या घराचा आहार ठरवला, तर हमखास चुकीचे उत्तर येते. शहरातील कामगार वस्त्या, महाविद्यालयांच्या खाणावळी, अलाबामातील कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची घरे अशा ठिकाणी या नोंदी झाल्या. १८९४ मध्ये अमेरिकेच्या संसदेने आहार संशोधनासाठी दहा हजार डॉलरची तरतूद केली आणि त्या कामाची सूत्रे ॲटवॉटर यांच्याकडे आली. १८९६ मध्ये त्यांनी आणि चार्ल्स वूड्स यांनी अमेरिकी खाद्यपदार्थांचे मोठे कोष्टक प्रसिद्ध केले.

याच काळात वेस्लियनच्या एका इमारतीच्या तळघरात एक विलक्षण खोली उभी राहिली. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा आणि नंतर फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्या मदतीने ॲटवॉटर यांनी ती घडवली. लांबी सुमारे सात फूट, रुंदी चार फूट. आतून तांब्याचा पत्रा, बाहेरून जस्ताचा आणि त्याभोवती लाकडी भिंती. आत एक घडीचा पलंग, खुर्ची आणि टेबल. एक माणूस या पेटीत दिवसचे दिवस राहायचा. जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचे आणि मलमूत्र तसेच बाहेर यायचे. कष्टाचे प्रयोग असले, की आत एका जागी उभी असलेली सायकल चालवायची.

खोलीतून थंड पाण्याची नळी फिरवलेली होती. माणसाच्या अंगातून निघालेली उष्णता हे पाणी शोषून घेई. किती पाणी गेले आणि ते किती तापले, यावरून उष्णता मोजली जाई. भिंतीतून उष्णता निसटू नये म्हणून दोन्ही पत्र्यांचे तापमान सारखे राखावे लागे. त्यासाठी माणसे पाळ्या लावून रात्रंदिवस काट्यांवर डोळे ठेवून बसत. खोली खरे सांगते का, हे पाहण्यासाठी आत ठरावीक अल्कोहोल जाळून त्याची उष्णता आधी मोजून घेतली जाई. अन्नाचा नमुना, विष्ठा आणि मूत्र वेगवेगळे जाळून त्यांतली ऊर्जाही काढली जाई.

आत बसलेल्या माणसाचा प्रयोग पहिल्याच दिवशी सुरू होत नसे, हे महत्त्वाचे. त्याला आधी काही दिवस तोच ठरलेला आहार द्यावा लागे. आदल्या दिवसांचे जेवण शरीरात शिल्लक असते आणि आजच्या हिशेबात मिसळते, हे ॲटवॉटर जाणून होते.

निकाल स्पष्ट निघाला. अनेक प्रयोगांची सरासरी काढली, तेव्हा आत गेलेली आणि बाहेर आलेली ऊर्जा एक टक्क्याहूनही कमी फरकाने जुळली. वाफेच्या इंजिनाला लागू असलेला ऊर्जेचा नियम माणसालाही लागू होता. या मोजमापांतून आज सर्वांना पाठ असलेले आकडे आले: एक ग्रॅम प्रथिनातून शरीराला साधारण ४ कॅलरी, एक ग्रॅम कर्बोदकातून ४ आणि एक ग्रॅम स्निग्धातून ९. न पचता बाहेर पडणारा भाग वजा करूनच हे आकडे ठरवलेले आहेत. भारतातील खाद्यपदार्थांची कोष्टकेही याच पद्धतीच्या आधारावर उभी राहिली.

सामान्य वाचकांसाठी लिहिताना ॲटवॉटर यांनी एक गोष्ट समजावून सांगितली. प्रत्येक जेवण किंवा प्रत्येक दिवस प्रमाणात बसलाच पाहिजे, अशी गरज नाही. शरीर सतत साठवत असते आणि साठ्यातून खर्च करत असते. एका दिवशीचे जादा दुसऱ्या दिवशीच्या कमीने भरून निघू शकते. पाहायची असते ती काही दिवसांची एकूण गोळाबेरीज. कोठारातल्या धान्याचा अंदाज असलेली गृहिणी सणाला हात सैल सोडते आणि पुढचे चार दिवस आवरते घेते, तसेच हे गणित आहे.

लौकिक वाढला तसे वादही आले. १८९९ मध्ये त्यांनी खोलीतील माणसाला मोजके अल्कोहोल देऊन पाहिले आणि शरीर त्यातूनही ऊर्जा काढते, असे जाहीर केले. त्या वेळी अमेरिकी शाळांतील पुस्तके अल्कोहोल हे निव्वळ विष आहे, असे शिकवत होती. दारूबंदीचे कार्यकर्ते संतापले. दारू उत्पादकांनी जाहिरातींसाठी निष्कर्ष उचलला. ॲटवॉटर मद्यपानाचे पुरस्कर्ते नव्हते. पण चांगल्या हेतूसाठीही मुलांना चुकीचे शास्त्र शिकवू नये, या मतावर ते ठाम राहिले.

त्यांच्या हिशेबात मोठी उणीवही होती. कॅलरी आणि प्रथिने यांच्या भावाने पाहिले, की पालेभाज्या आणि फळे महाग ठरत. म्हणून गरिबांना त्यांवर पैसे खर्चू नका, असाच त्यांच्या सल्ल्याचा रोख होता. जीवनसत्त्व ही कल्पनाच तेव्हा नव्हती. तिला नाव मिळाले १९१२ मध्ये. मध्यम कष्टाच्या पुरुषासाठी त्यांनी सुचवलेली रोजची १२५ ग्रॅम प्रथिनेही गरजेपेक्षा जास्त होती. येलच्या रसेल चिटेंडन यांनी १९०४ मध्ये बऱ्याच कमी प्रथिनांवर माणसे ठणठणीत राहतात, हे दाखवले.

त्याच वर्षी ॲटवॉटर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि काम थांबले. २२ सप्टेंबर १९०७ रोजी मिडलटाउन येथे त्यांचे निधन झाले. मुलगी हेलन हिने वडिलांचा वसा पुढे चालवला आणि घरोघरच्या आहाराविषयी आयुष्यभर लिहिले. बेनेडिक्ट यांनी बोस्टनला मोजमापाचे काम पुढे नेले.

त्यानंतर अकरा वर्षांनी कॅलरीला वेगळेच वळण मिळाले. लॉस एंजलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांचे आहारावरील पुस्तक १९१८ मध्ये आले आणि तुफान खपले. स्वतःचे वजन उतरवलेल्या या बाईंनी वाचकांना पोळी, लोणी, साखर कॅलरीत मोजायला शिकवले. मजुराचे पोट भरण्यासाठी लोकांपुढे आलेला आकडा आता कंबर कमी करण्यासाठी वापरला जाऊ लागला. रोजची मर्यादा आली, ती मोडल्याची खंतही आली. काही दिवसांची गोळाबेरीज मात्र मागे पडली.

ती आजही उपयोगी आहे. समजा, एखाद्या व्यक्तीसाठी आहारतज्ज्ञाने रोज १८०० कॅलरी ठरवल्या. आठवड्याच्या होतात १२,६००. रविवारी लग्नात २६०० गेल्या, तर उरलेल्या सहा दिवसांसाठी १०,००० शिल्लक राहतात, म्हणजे रोज सुमारे १६७०. कपात रोज १३० ते १३५ कॅलरींची. ॲटवॉटर यांच्याच आकड्याने पाहिले, तर ही १५ ग्रॅम तेलाची ऊर्जा झाली. फोडणीत आणि तळणात एवढा हात आखडता घेतला, की रविवार भरून निघतो. सोमवारी कडकडीत उपास करण्याची गरज उरत नाही. तशा उपासानंतर भुकेने पुन्हा जास्त खाल्ले जाण्याचा धोका असतो.

वजनकाट्याचेही तसेच. मिठाचे आणि गोडाचे जेवण झाले, की शरीर पाणी धरून ठेवते आणि दुसऱ्या सकाळी काटा किलोभर पुढे दिसू शकतो. ती चरबी नसते. किलोभर चरबी साठायला सुमारे ७७०० कॅलरी जादा जाव्या लागतात आणि एका पंगतीत तेवढे कुणी जेवत नाही. म्हणून आठवड्याच्या सरासरीची आधीच्या आठवड्याच्या सरासरीशी तुलना करणे शहाणपणाचे.

आकड्यांवर फार विसंबूही नये. अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळले, की ॲटवॉटर यांच्या पद्धतीने बदामाची ऊर्जा प्रत्यक्षात मिळते त्याहून सुमारे ३२ टक्के जास्त धरली जात होती. अख्ख्या बदामातले बरेचसे तेल न पचताच बाहेर जाते. वजन उतरले, की शरीराचा खर्चही उतरतो, त्यामुळे तीच कपात पुढे कमी परिणाम करते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अतिखाण्याचा त्रास असलेल्यांनी एक दिवस जास्त, एक दिवस कमी असे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

तांब्याच्या त्या खोलीत एका माणसाचा हिशेब जुळवायला कित्येक जाणकारांना अनेक दिवस खपावे लागत होते. घरच्या ताटाचा हिशेब एका रात्रीत चुकला, म्हणून आठवडा वाया गेला असे समजायचे कारण नाही.